पहिली मोट रानाची

मित्रांनो, वालूरच्या शिवारात गाडीवाटेच्या उजव्या अंगाला एक बांधीव विहीर लागते. विहिरीपासून वीसएक पावलांवर, बाभळीच्या सावलीत, काळ्या दगडाची चार हात लांब डोणी आहे, जनावरांनी पाणी प्यायची. तिच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. ती डोणी म्हणजे मी. जुनी आहे, पण जुनी म्हटल्याबरोबर चेहरा पाडून माझी कीव करायची नाही. मी अजून कामावर आहे. माझ्यात आज सकाळचं पाणी आहे आणि त्यावर बाभळीची चार पिवळी फुलं तरंगत आहेत.

माझा जन्म त्याच विहिरीच्या पोटातला. तेव्हा निजामाचं राज्य होतं. शेताचे मालक राधाकिशन यांनी विहीर खणायला घेतली आणि सहा पुरुष, म्हणजे सहा माणसांच्या उंचीएवढ्या, खोलीवर काळा फत्तर आडवा लागला. सुग्रीव वडार खाली उतरला. त्याने फत्तराला कान लावला, हातोडीचे दोन ठोके दिले आणि वर सांगितलं, "मालक, ह्याच्या खाली पानी हाय. पन ह्यो दगड फोडू नका. लय चांगल्या जातीचा हाय."

राधाकिशन म्हणाले, "पानी अडवून बसला व्हता न्हवं? मग आता जल्मभर पानी पाजंल."

म्हणजे मित्रांनो, ती मला दिलेली शिक्षा होती. मी तिला नोकरी समजले. सुग्रीवने सत्तावीस दिवस छिन्नी चालवून माझं पोट कोरलं. शेवटच्या दिवशी त्याने माझ्या काठावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "जनावराची जीभ कापायची न्हाई आता." एवढीच माझी तारीफ. पण ती कामाची होती, म्हणून अजून लक्षात आहे.

आता मोट कशी चालते ते सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिच्या तोंडाला लोखंडी कडं असतं. दोन बैल उतरत्या धावेवरून खाली चालत गेले, की ती विहिरीतून भरून वर येते आणि काठावरच्या दगडी कुंडात ओतते. तिथून पाणी पाटाने पिकाला जातं. पण आमच्या विहिरीवर दिवसाची पहिली मोट पिकाची नसायची. ती माझी असायची, पाटाने सरळ माझ्यात यायची. ती ओतली की बैल तसेच उभे करायचे आणि माणसांनी बाभळीआड बसून तंबाखू मळायची. तेवढा वेळ रानाचा. राधाकिशनांनी हा दस्तूरच घालून दिला होता.

शेताला लागून त्यांचं ऐंशी एकरांचं कुरण होतं. मारवेल आणि पवन्याचं गवत कमरेला लागायचं. त्या गवतातून हरणांचा कळप यायचा. पुढे काळवीट, शिंगं मागे टाकून, जसा काही गावचा पाटीलच. मागे हरण्या आणि पाडसं. कोल्हा यायचा, तो चोरासारखा एका कडेने प्यायचा. मोर तर पाण्यापेक्षा स्वतःचं रूपच जास्त पाहायचे. एकदा लांडगा आला होता. तो प्याला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. मला तो आवडला. उगीच घोळ घालणारं गिऱ्हाईक मला चालत नाही.

राधाकिशनांच्या घरात गोजरबाई सून म्हणून आली. शाळेचं तोंड तिने दोनच वर्षं पाहिलेलं. पण जिभेची धार अशी, की सुग्रीवची छिन्नी लाजावी. पहिल्याच आठवड्यात ती विहिरीवर आली. तिने हरणं पाहिली आणि पदराआडून, पण साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं विचारलं, "मामंजी, ही आपली पाव्हनी हायेत का वाटेकरी?"

"वाटेकरी," राधाकिशन म्हणाले. "ह्या मुलखात ती आपल्या आधीची हायेत."

"मग वाटेकऱ्यानं राबावं की. ही तर नुसती शेपटं हालवून पियायलीत."

राधाकिशन हसले. सुनेच्या बोलण्यावर हसणारा सासरा त्या काळी विरळा. तेव्हापासून पहिली मोट गोजरबाईच्या देखरेखीखाली आली. ती रोज हरणांना शिव्या घालायची आणि रोज मोट पुरती भरली की नाही ते बघायची.

पुढे सासरे गेले, नवरा गेला, मुलगा दिनकरराव मोठा झाला, सून कमलबाई आली आणि गोजरबाई मालकीण झाली. एका उन्हाळ्यात एक पाडस आलं. त्याचा कान बोरीच्या काट्याने फाटलेला होता. माझा काठ त्याला उंच पडायचा. पुढचे पाय उचलायचं, घसरायचं, पुन्हा उचलायचं. गोजरबाई बाभळीआडून बघत होती. "ह्याच्या मायला उंची मापून जल्म देता येत न्हाई का," असं पुटपुटत तिने दुसऱ्या दिवशी एक चपटा दगड आणून माझ्याशेजारी पायरी केली. पाडस त्यावर चढलं, पुढचे दोन पाय माझ्या काठावर ठेवले आणि प्यालं. मोठं होऊन चांगली हरणी झाली तरी तिची ती सवय गेली नाही. तो पायरीचा दगड लक्षात ठेवा, मित्रांनो.

मग पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. लोकांनी मोकळा श्वास घेतला, मीही घेतला. पण देवगाव फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात रोज एक नवा कायदा होऊ लागला. एकदा दिनकरराव तिथून तोंड उतरवून आला.

"माय, पडीक जमीन सरकार काढून घेणार म्हणायलेत. आपलं ऐंशी एकर नुसतं गवत हाय."

"पडीक कुनाला म्हनतोस?" गोजरबाई उसळली. "पडलेलं येगळं आन राखलेलं येगळं."

"ते तुला कळतं, माय. कागदाला न्हाई कळत."

गोजरबाईला लांडग्याची भीती नव्हती, कागदाची होती. आठ बैलांचा नांगर कुरणात उतरला. मारवेलाची मुळं तुटताना जो आवाज होतो, तो मी त्या महिन्यात रोज ऐकला. पावसानंतर सगळीकडे ज्वारी पेरली गेली.

आता कळपाने कुठं जावं? ज्वारी पोटरीत आली आणि हरणं तिच्यात शिरली. त्यांच्या लेखी ते अजून कुरणच होतं, फक्त गवत जरा जास्त गोड झालेलं. संक्रांतीच्या सुमाराला गोजरबाई बांधावर उभी राहिली. दहा एकर पार खुडून टाकलेलं होतं. ती तशीच विहिरीवर आली आणि मोटेवरच्या वैजीनाथ गड्याला म्हणाली, "माझ्या ज्वारीवर जगायचं आन वर माझंच पानी पियाचं? इमान न्हाई ह्यांच्यात. वाळीत टाका."

वैजीनाथ साधा माणूस. तो म्हणाला, "हरनाला वाळीत कसं टाकावं, मालकीनबाई?"

"मानसाला टाकतेत तसं. पानी बंद. डोनी पालथी घाला."

"दस्तूर मोडंल की."

"दस्तूर त्येंनी मोडला. आधी त्येंनी माझा बांध वलांडला. हरनं शिवार सोडून जात न्हाईत, तवर ही सुलटी व्हायची न्हाई."

बांध आधी कुणी ओलांडला, ते नांगराला विचारायला हवं होतं. पण विचारणार कोण? आठ माणसं आली, पहारी लावल्या आणि मला पालथी घातली. गुरांसाठी परभणीहून पत्र्याचा हौद आणून गोठ्याच्या काट्याच्या कुंपणाआड ठेवला. पहिल्याच उन्हात तो असा तापला, की म्हैस तोंड घालून फुर्र करून मागे सरली. मी काही बोलले नाही. बोलायला तोंड वर लागतं.

मित्रांनो, पालथं पडणं काय असतं ते कुणावर येऊ नये. पाठ उन्हात, तोंड मातीत. पण पडताना तो पायरीचा दगड माझ्या एका कोपऱ्याखाली अडकला आणि चार बोटं फट राहिली. त्या फटीतून मला जग दिसायचं, फक्त पायांचं. वैजीनाथचे अनवाणी पाय, दिनकररावाचे बूट, कमलबाईची जोडवी, गोजरबाईच्या भेगा पडलेल्या टाचा. आणि रोज पहाटे खूर. कळपाला वाळीत टाकल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली रोज यायची, माझ्याभोवती फिरायची, निघून जायची. फाटक्या कानाची हरणी मात्र फटीशी नाक लावून उभी राहायची. माझ्या पोटात ओल कुठली, तिथं विंचवाने बिऱ्हाड केलं होतं. उजाडल्यावर गोजरबाईच्या टाचा यायच्या. धुळीतल्या खुरांपाशी थांबायच्या. मग परत जायच्या.

वैशाख आला. नाले आटले. तहानलेली हरणं कांद्याच्या वाफ्यात शिरून पाटाची ओली माती चाटू लागली, आणि वाफे तुडवले जाऊ लागले. दिनकरराव म्हणाला, "माय, आता न्हाई ऐकायचं. चंद्रभानला सांगितलंय. रविवारी दोन बंदुका घेऊन येतोय."

चंद्रभान म्हणजे त्याचा शाळेतला मित्र, आता परभणीत वकील. गोजरबाई म्हणाली, "येऊ दे." नेहमी एकाला दहा शब्द देणारी बाई, त्या दिवशी दोनच बोलली.

रविवारी सकाळी कमलबाई घागर घेऊन विहिरीवर आली. तिची जोडवी काठाशी थबकली. मग घागर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आत्याबाई, हिरीत हरनी हाय. जिती हाय."

पहाटे ती काठावरच्या कुंडातली ओल चाटायला वाकली असणार आणि शेवाळावरून पाय घसरला असणार. पाणी छातीभरच उरलं होतं. एका कपारीवर पुढचे पाय टेकून ती उभी होती आणि थरथरत होती. गोजरबाई धावत आली. वाकून बघितलं.

"फाटक्या कानाची हाय," एवढंच म्हणाली.

ती हरणी आत मेली असती तर विहीर नासली असती. त्या वैशाखात जवळपास दुसरी जिवंत विहीर नव्हती. घर, गुरं, बागाईत, सगळं त्या पाण्यावर. पण गोजरबाईच्या आवाजात विहिरीची काळजी नव्हती, हे मी दगड असून ओळखलं.

"तान लागली व्हती तिला," कमलबाई म्हणाली.

"मी ईचारलं का तुला?"

"न्हाई. तुमी बोलंनात, म्हनून मीच बोलले."

दिनकरराव आला. "चंद्रभान आत्ता येईलच. वरून एक गोळी घातली की..."

"हिरीत गोळी? तुझ्या आज्याच्या पान्यात?"

"मग कशी काढतीस?"

"मोटंनं," गोजरबाई म्हणाली. "वैजीनाथ, उतर खाली. धोतराचं पान घे, डोळे बांध तिचे. अंधार झाला की जनावर निवतं. मोटंत बसीव आन कडं धरून संगच वर ये."

वैजीनाथ उतरला. मग बैल कुणी हाणायचे? दिनकरराव पुढे झाला तर ती म्हणाली, "तू हानशील. हानायचं न्हाई हाय. थांबवत न्यायचं हाय."

खरी गोष्ट होती. मोटेच्या बैलांना धावेवरून झपाझप जायची सवय. झटका बसला असता तर मोट विहिरीच्या भिंतीवर आपटली असती आणि आत हरणीचं हाड न् हाड मोडलं असतं. साठीची गोजरबाई बैलांच्या पुढे गेली, दोघांच्या कपाळावर एक एक हात ठेवला आणि उलट्या पावलांनी धाव उतरू लागली. फटीतून मला तिच्या टाचा दिसत होत्या. एक टाच मागे, मग दुसरी. वर चाक करकरत होतं.

मधेच वैजीनाथचा आवाज आला, "थांबवा, थांबवा. दगडाला अडकली."

बैल ओढीवर होते. उतारावर दोन बैल थोपवायचे म्हणजे गंमत नव्हे. गोजरबाईच्या टाचा मातीत घसरत गेल्या. दोन चर पडले. "हो रं लेकरांनो, हो," ती म्हणत होती. ज्या तोंडातून मी जन्मभर शिव्याच ऐकल्या, त्या तोंडातून ते शब्द आले. बैल थांबले. वैजीनाथने भिंतीला पाय लावून मोट दगडावरून बाजूला रेटली.

"न्या आता."

पुन्हा एक टाच, मग दुसरी. कडं काठाला ठणकन लागलं आणि मोट पाण्यासकट, हरणीसकट कुंडात रिती झाली. कमलबाईने डोळ्यांवरचं धोतर सोडलं. हरणी पडून राहिली. मग तिने कान झटकला, तो फाटका. मागचे पाय रोवले, पुढचे उचलले आणि उभी राहिली.

मित्रांनो, सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. माझी स्वतःची सुटका पुढे व्हायची होती.

हरणी रानाकडे पळाली नाही. डुगडुगत माझ्याकडे आली. चार खूर फटीसमोर थांबले. तिने सवयीने पुढचे दोन पाय उचलून माझ्यावर ठेवले आणि मान खाली घातली. तिथं पाणी नव्हतं. माझी तापलेली पाठ होती. ती तशीच उभी राहिली.

गोजरबाईने ते बघितलं.

तेवढ्यात गाडीवाटेने जीप आली. चंद्रभान आणि त्याच्याबरोबर तिघे जण. हरणी बिचकली आणि लंगडत नांगरटीतून निघाली.

"काकू, ही तर समोरूनच चाललीय," म्हणत चंद्रभानने बंदूक उचलली. गोजरबाई मधे उभी राहिली.

"खाली ठिव ते. तुमी किती जन हायेत?"

"चौघं."

"आमचे चार गडी. आठ झाले. ही डोनी सुलटी करायला आठच लागतेत."

"काकू, आमी शिकारीला आलोत."

"जेवायला थांबनार हायेत न्हवं? मग आधी हात लावा. फुकट जेवनारी एक जात मी जल्मभर पोसली, दुसरी पोसायची न्हाई."

दिनकरराव हळूच म्हणाला, "माय, तूच म्हणाली व्हतीस, हरणं गेल्याबिगर सुलटी व्हायची न्हाई म्हणून."

"म्हनले व्हते. चुकले. लाव पहार."

इतक्या वर्षांत तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. सूर मात्र शिवी देण्याचाच होता.

वकिलाच्या हातांना पहारीची सवय नव्हती. पहिल्या जोरात पहार निसटली, मी पुन्हा आदळले आणि पायरीच्या दगडावर माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. "अशिलालाबी असंच पाडतोस का रं?" गोजरबाई म्हणाली. दुसऱ्या जोरात मी वळले. चार महिन्यांनी आभाळ दिसलं. विंचू पळाला. वैजीनाथ ओल्या अंगाने तसाच बैलांकडे गेला आणि पहिली मोट माझ्यात आली. भाजलेल्या दगडाने ती अर्धी तर नुसती पिऊनच टाकली. दुसरी मोट भरल्यावर पाणी ठरलं.

शिकाऱ्यांना त्या दिवशी कांद्याचं पिठलं आणि भाकरी मिळाली. चंद्रभानच्या तळहाताला फोड आले होते. कमलबाईने त्यावर खोबरेल लावलं. पुढे कधीही आला की तो मला बघायला यायचा आणि टवक्यावर बोट फिरवून म्हणायचा, "हा माझा." माणसं कशाचाही अभिमान धरतात.

तीन दिवस कुणी आलं नाही. गोजरबाई रोज पहाटे बाभळीआड बसायची आणि वैजीनाथला सांगायची, "मी काई त्येंची वाट बगत न्हाई. माझे गुडघे दुखायलेत म्हनून बसले." चौथ्या दिवशी काळवीट आला. मागे कळप. सगळ्यात शेवटी ती लंगडी, फाटक्या कानाची. पायरीच्या दगडावर चढली, काठावर पाय ठेवले. गोजरबाईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आली मेली." मग उठून घरी गेली. त्या दिवशी गुडघे दुखले नाहीत.

त्या पावसाळ्यात नाल्याकडचं चाळीस एकर तिने पेरू दिलं नाही. दोन पावसांत मारवेल पुन्हा वर आलं. मुळं हट्टी असतात. पुढे पीक लिहायला पटवारी आले. त्यांनी विचारलं, "ह्या तुकड्यात काय पेरलंय?" दिनकररावाचा चेहरा उतरला.

"गवत," गोजरबाई म्हणाली.

"बाई, गवताचं पीक कसं लिव्हावं?"

"ज्वारी लिव्हता तसंच. एक अक्षर जादा लागंल, तेवढंच. गुरं खातेत, हरनं खातेत, घरं शाकारतेत त्यानं. राखलंय मी ते. आन राखलेलं लिव्हायला तुमच्या कागदात जागा न्हाई म्हनता?"

पटवारी हसले. त्यांनी गवत लिहिलं. ज्या कागदाला घाबरून आठ बैलांचा नांगर घातला, तो कागद एका शब्दावर गप्प बसला. मित्रांनो, हा शब्द आधी कुणी उच्चारला असता तर माझा टवका वाचला असता.

आता साठ साल उजाडलंय. येलदरीला पूर्णेवर मोठं धरण होतंय, सुग्रीवची नातवंडं तिकडे दगड घडवायला गेलीत. आमच्या विहिरीवर मोट जाऊन भकभक करणारं इंजिन आलंय. पण सकाळी पहिलं पाणी आधी माझ्याकडे सोडतात, आणि मग इंजिन घटकाभर बंद ठेवतात. गोजरबाईला आता नीट दिसत नाही. ती खाटेवरून विचारते, "आली का गं हरनं?" कमलबाई म्हणते, "आली, आत्याबाई." "लंगडी?" "तीबी आली. संग पाडस हाय." "पायरीचा दगुड जागेवर हाय का बग," म्हणते आणि मग चहा घेते.

तुमच्याही शिवारात, वाड्यात, गोठ्याजवळ माझ्यासारखी एखादी असेल. तिला शेंदूर फासू नका, आम्हांला देवपण नको. तिच्यात कचराही टाकू नका. रोज पाणी घालणं झालं नाही तर नका घालू, एखादे दिवशी पाऊस घालेल. राग आला तर शिव्या द्या, शिव्यांनी दगड झिजत नाही आणि हरणं तर ऐकतही नाहीत. पण पालथी तेवढी घालू नका. सुलटी राहिलेल्या डोणीकडे कुणीतरी येतंच.